कुलदैवताचा रकाना

शुक्रवार, संध्याकाळ. मुलुंड.

चहा गार झाला. वह्या समोर आहेत, पण तपासायला हात उचलत नाहीये.

आज पालकसभेला चौथीतल्या श्रेयाचे बाबा तिला घेऊन आले होते. वहीत 'माझे कुटुंब' या धड्याच्या पानावर तिने कुलदैवत म्हणून खंडोबा लिहिलाय आणि खाली माझं लाल पेनातलं 'छान!' आहे. त्या लाल 'छान'कडे ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात कुलदैवत नसतं."

"मग खंडोबा का लिहिलास गं?" मी तिलाच विचारलं. तिलाच!

"तन्वीच्या वहीत बघून. तुम्ही म्हणालात ना, रिकामं कोणी ठेवायचं नाही."

म्हणाले होते. दरवर्षी म्हणते. बाबा चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते उलट मलाच "असू द्या बाई" म्हणाले आणि तिचा हात धरून निघून गेले.

घरी येऊन पुस्तक उघडलं. त्या धड्यात नाव आहे, गाव आहे, घरातली माणसं आहेत. कुलदैवत कुठेच नाही.

तो रकाना मीच फळ्यावर आखला होता. पट्टी धरून, अगदी सरळ.