रेग्वीचा अर्धा दोर

इस्पितळ, तोर्शाव्न,
सोमवार, २६ जून १९६१

प्रिय तुम्मास, प्रिय बिर्ना,

रेग्वीच्या लेकरांनो, तुमच्या हानुसकाकाचे आशीर्वाद. तुमचा बाप स्वतःच्या हलगर्जीपणाने मेला, असं चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, आणि गेलं वर्षभर ते वाक्य तुमच्या दारात ठाण मांडून बसलं आहे. म्हणे, पक्षी धरायला कड्यावरून उतरताना धारेवर दोराखाली लाकूड ठेवायला तो विसरला, म्हणून दोर दगडावर घासून तुटला. ज्यांनी कधी कड्यावरून खाली वाकून पाहिलं नाही, त्यांनी हे लिहिलं! मी त्याविरुद्ध चर्चच्या अंगणात बोललो, दुकानासमोर बोललो, वर्तमानपत्रात तीन वेळा लिहिलं. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा.

माझा पाय अजून प्लास्टरमध्ये टांगलेला आहे. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणतो, "भाषणं कमी कर, हाड लवकर जुळेल." तुमच्या आईला, सुन्नेवावहिनींना सांगा, वाऱ्यावर वाळवलेलं मटण पोचलं. वासामुळे नर्सने ते खिडकीबाहेर बांधून ठेवलं आहे, आणि मी रोज तिच्याशी भांडून दोन काप मिळवतो.

तुम्मास, तुझं पत्र आज सकाळी आलं. "काका, गुरुवारी वारा पडला तर पक्षी धरायला कड्यावर जातोय. या खेपेला दोरावर मी. पेटीतला उरलेला दोर काढलाय, बाबांनी स्वतः तपासलेला अर्धा. वरून अगदी पिवळाधमक आहे. गावाचा दोर सांभाळणारे तुम्ही, म्हणून विचारतो. तुमचा एक शब्द आला की झालं."

मी पाठीवर पडूनच लिहितो आहे. अक्षर वाईट आलं तर समजून घे.

तुझा बाप आणि मी एकाच बाकावर शिकलो. मी बोलायचो, तो ऐकायचा. जगातल्या अन्यायांवर मी तासभर तोफ डागली की तो विणकामावरून मान वर करून म्हणायचा, "झालं? आता जरा ही लोकर धर." तुम्हा दोघांचे स्वेटर त्यानेच विणले. बिर्नाला गोवर झाला तेव्हा सात दिवस होडीला हात लावला नाही. मी चिडवलं, "आईचं काम आईला करू दे की." तो म्हणाला, "समुद्र कुठे पळून चाललाय? ही मात्र उद्या मोठी होईल." माझ्या सगळ्या पुस्तकांत मिळून याहून शहाणं वाक्य मला सापडलेलं नाही.

दोरावरही तो तसाच. एक झटका म्हणजे खाली सोडा, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे वर ओढा. तीन झाले की तो चौथा द्यायचा, हळूच. म्हणजे कॉफी ठेवा. सहा माणसं दोर ओढता ओढता हसायची.

आज दुपारी मी गावच्या दुकानात टेलिफोन केला. दुकानदाराने विचारलं, "कोण हवंय?" मी विचारलं, "हवा कशी आहे?" तो म्हणाला, "गुरुवारी निवळेल." मी फोन ठेवला. तासाभराने पुन्हा केला, आणि पुन्हा हवाच विचारली. तो हसला, "हानुस, हवामान खात्यात नोकरी लागली की काय?" हजार माणसांसमोर न अडखळलेली ही जीभ त्या एका माणसासमोर हवेच्या पुढे गेली नाही.

नुसतं "जाऊ नकोस" असं दोनदा लिहिलं आणि फाडलं. कारण सांगितल्याशिवाय तू ऐकणार नाहीस, बापावर गेला आहेस. तर कारण ऐक.

खाली उतरण्याआधी दोर तपासतात, दोन टोकांकडून दोन माणसं, उघड्या हातांनी. हात-हातभर अंतरावर पीळ उकलायचा, आत पाहायचं, वास घ्यायचा, आणि मधोमध भेटायचं. एका टोकाला दोर सांभाळणारा, दुसऱ्या टोकाला उतरणारा. त्या दिवशी एका टोकाला मी होतो. बोचरा वारा होता आणि मी बोटीच्या फेऱ्या कमी केल्यावरून सरकारला झोडपत होतो. माणसं रंगली होती. मी हातमोजे काढले नाहीत. पीळ उकलला नाही. लोकरीचा हात दोरावरून फिरवत बोलत राहिलो, आणि रेग्वीच्या कितीतरी आधी मध्यावर पोचलो.

त्याने माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं. "नीट पाहिलास ना रे?"

"तुझ्यापेक्षा नीट," मी म्हणालो.

तो हसला आणि त्याने माझ्या बाजूचं टोक कमरेला बांधलं. धारेवर लाकूड ठेवलं होतं, त्यानेच ठेवलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. तीन झटके आले. आम्ही ओढू लागलो, चौथ्याची वाट पाहत. मग दोर एकदम हलका झाला. तो हलकेपणा माझ्या हातांतून अजून गेलेला नाही. तुटलेलं टोक वर आलं, आतून काळं, कुजकं. ते माझ्या अर्ध्यातलं होतं. कोणी पाहण्याआधी मी सुरीने टोक छाटलं आणि समुद्रात फेकलं.

वर्षभर मी त्या कागदावर तुटून पडलो, कारण तो खोटा आहे हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक भाषणात मी खऱ्याच्या पायरीपर्यंत गेलो आणि तिथून परत फिरलो.

आता ज्याने माझी झोप उडवली आहे ते. रेग्वीने तपासलेला अर्धा त्या दिवशी खरंच चांगला होता. पण तो त्या दिवशी पावसात भिजला. वाऱ्याच्या खोपीत टांगून सुकवणं माझं काम होतं. मला त्याला हात लावता आला नाही. ओलाच गुंडाळून पेटीत टाकला आणि झाकण लावलं. तो वर्षभर तसाच आत सडतो आहे. वरचा पिवळेपणा काहीही सांगत नाही, तुम्मास. माझ्या अर्ध्यावरही तो होता.

हे पत्र टपालबोटीच्या कप्तानाच्या हातात देतो आहे, बुधवारी दुपारी पोचेल. धुक्याने बोट अडली तर दुकानात फोन करून हेच सगळ्यांसमोर ओरडून सांगेन. आता हवा विचारणार नाही.

बिर्ना, हे पत्र चर्चच्या दारात मोठ्याने वाच. आई उभी असली तरी एक ओळ गाळू नकोस. मला तुम्ही काय म्हणायचं ते नंतर म्हणा.

आणि तुम्मास, वाचून होईपर्यंतही थांबू नकोस. कुऱ्हाड घे, तो दोर धक्क्यावर आण आणि सगळ्या गावासमोर त्याचे हात-हातभर तुकडे कर.

तुझ्या बापाचा दोर ज्याच्या हाती होता तो,
हानुस