पलंगावरची सही चालणार नाही

मी, बिरदेव गेणू देवकाते, राहणार जळोची, तालुका बारामती, वय शाळेच्या दाखल्यावर एकाहत्तर आणि आईच्या सांगण्यावरून थोडं जास्तच, धंदा आजारी माणसांना पुन्हा चालायला शिकवणे, हा कागद डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाचा दाब नसताना लिहीत आहे. डोकं ठीक आहे, काळीज थकलंय. डॉक्टरांनी सुयोगला बाहेर नेऊन जे सांगितलं ते मला दारातून ऐकू आलं.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक मुलगा सुयोग यास. लोणी देवकरच्या कारखान्यात पाळ्या करून पोरगं पिचतं, त्याच्यावर राग नाही. फक्त "आबा, शेड पाडून भाड्याच्या खोल्या काढू," हे माझ्या तोंडात घास असताना बोलायचं नव्हतं.

२. व्यायामाची शेड, आतल्या कठड्यांसह, सुप्रिया इंद्रजित खराडे, राहणार सणसर, हिला. ही माझ्या रक्ताची नाही, म्हणून कारण लिहून ठेवतो.

माझी थोरली बहीण नकोशी. अर्धांगवायूनं तिची डावी बाजू गेली. घरानं तिला फुलासारखं जपलं. पाणी तोंडाशी, घास तोंडात, कूससुद्धा आम्हीच बदलायची. भेटायला येणारा जो तो उशाशी बिस्किटाचा पुडा ठेवून म्हणायचा, "अक्का, अजिबात उठायचं न्हाय." ती उठलीच नाही. शेवटी विचारायची, "बिरू, माझं पाय हायत का गेलं रं?" तालमीत मालिश करायचो, तेवढीच माझी विद्या. मग दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीबाहेर बसून बघितलं, विचारलं, हाकललं की परत गेलो. दुसऱ्या कुणाच्या घरात तो प्रश्न उठू नये, एवढ्यासाठी.

३. म्हातारी शेळी भिमा ही कुशाबाई खराडे, सुप्रियाच्या सासूबाई, यांना. अट एकच, दावं त्यांनी स्वतः धरायचं. आजाऱ्याच्या धड हातात मी हिचं दावं देतो. शेळी चालली की माणूस चालतो, ती पाल्यापाशी थांबली की माणूस दम खातो. अर्धांगवायूनंतर सुप्रिया कुशाबाईंना इथं आणायची; त्या हिच्यामागं फाटकापर्यंत गेल्या तेव्हा ओरडत होत्या, "अगं भवाने, हळू की! तुला काय एसटी गाठायचीय?" सुप्रिया त्यांच्या लुळ्या बाजूनं चालत होती. ओढत नव्हती, सावरत नव्हती, नुसती हजर होती. ही समज शिकवून येत नाही.

गौरीला खराड्यांकडं पाहुणे आले, कुशाबाईंना चालताना बघून म्हणाले, "घरात सून असून म्हातारीला राबवताय व्हय?" इंद्रजित शरमला. त्यानं आईला पलंगावर निजवलं, तिचं शेडवर येणं बंद केलं. सुप्रियाचं कोण ऐकतो? मी सणसरला जाऊन हात जोडले. "तात्या, आई आता सुखात हाय," म्हणाला. कुशाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. इंद्रजित, माझी नकोशीही सुखातच होती रे.

४. साक्षीदार दोन. शेजारी रामहरी यांची सही झाली. दुसरी सही कुशाबाईंची, या शेडमध्ये. इंद्रजितनं निरोप धाडला, "कागद घरी द्या, आई पलंगावरच सही करंल." पलंगावरची सही चालणार नाही. वकील म्हणतात, दुसरा कुणीही धरा, एका सहीवर हा कागद रद्दी आहे आणि शेड सुयोगकडं जाईल. मला कळतं. पण मी गेल्यावर त्यांना उठवायला कोण जाणार आहे? माझ्या हातात एवढीच ओढ उरली. बायकोच्या नावावर शेड हवी ना, मग आईला फाटकाशी उतरव आणि पुढं तिची तिला चालू दे. पाहुण्यांना माझं नाव सांग, शिव्या मला घालू देत. पण लवकर आण बाबा. रात्री उशी उंच करूनही मला श्वास पुरत नाही.

स्थळ : जळोची
दिनांक : ४ नोव्हेंबर २०२४

बिरदेव गेणू देवकाते (सही)

साक्षीदार १ : रामहरी माने (सही)

साक्षीदार २ : कुशाबाई खराडे
(जागा मोकळी आहे. तारीख त्या येतील त्या दिवसाची घालावी. फाटकाला कुलूप लावत नाही.)