जिवंत करण्याची सोय नाही

हडपसर, सोमवार

ती. श्रीधरकाका,

साष्टांग नमस्कार. (आमोदचा. कोंबडीच्या पायांवरून ओळखलंच असेल.) वाघोलीला वल्लरीताईकडे हवा मानवली का? प्रकृती कशी आहे? श्वास नीट चालू आहे ना? हे रीत म्हणून विचारत नाहीये. जमल्यास आजचं वर्तमानपत्र हातात धरून एक फोटो काढून ठेवा. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेत नाही, म्हणून कुरिअर.

तर, निवृत्त होताना तुम्ही आमच्या विमा कंपनीत मेनफ्रेम नावाचा जो अगडबंब संगणक मागे ठेवलात, तो ठणठणीत आहे. (तुमच्यापेक्षाही. ते पुढे येतंच.) त्याला नवे सर्व्हर जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. म्हणजे ग्राहकाने मोबाइलवर बोट टेकवलं की सर्व्हर मेनफ्रेमकडे पळणार आणि मेनफ्रेम नोंद करून उत्तर देणार. पण आमचा सर्व्हर आजकालचा, त्याला दम निघत नाही. चटकन उत्तर आलं नाही की तो तीच मागणी पुन्हा करतो. तुमचा मेनफ्रेम तुमच्याच वळणाचा. काम चोख करतो, पण "झालं" एवढं म्हणायला त्याच्या जिवावर येतं. मग पुन्हा मागणी आणि पुन्हा तेच काम.

चाचणीसाठी एक पॉलिसी हवी होती. मला एकच नंबर पाठ, तुमचा. (लहानपणी शुभंकरोतीनंतर तुम्हीच म्हणून घ्यायचात!) माझ्या टीममधली तनुजा म्हणाली, मृत्यूची नोंद सगळ्यात सोपी, पुढे काही प्रश्नच येत नाहीत. केली. गेल्या मंगळवारी सकाळी, चहा पिऊन. आता मला सांगा काका, दुपारी जेवणासाठी काउंटर बंद असायचा तेव्हा तुम्ही चाचण्या घ्यायचात, ठीक आहे; पण म्हणून मेनफ्रेमलाच शिकवून ठेवायचं, की एक ते चार जे येईल ते खोटं आणि बाकी वेळ सगळं खरं? अहो, कुणाला सांगायचं तरी!

थोडक्यात, तुम्ही गेलात. एकदा नव्हे, उत्तर येईपर्यंत जातच राहिलात.

मला रडू यायचंच बाकी होतं. तुम्हाला परत आणायला बसलो, तर जिवंत करण्याची सोयच नाही. प्रोग्रॅममध्ये त्या जागी तुमचीच टीप, "याची गरज पडणार नाही." आमचे साहेब रविराज म्हणाले, शुक्रवारपर्यंत ते गृहस्थ जिवंत झाले नाहीत तर तू घरी. म्हटलं, सर, ते माझे काका आहेत. म्हणाले, मग सुतक धरूनच बस.

ताईला नमस्कार.

तुम्ही आहात यावर ठाम विश्वास असलेला,
आमोद

ता. क. : ती सोय तुमच्याशिवाय कुणालाही लिहिता येणार नाही. मिळेल त्या रिक्षाने या, भाडं मी देतो. गेटवर मात्र नाव दुसरं सांगा. तिथला संगणक मेनफ्रेमला विचारतो आणि मयतांना पास देत नाही.

आणखी एक ता. क. : मेनफ्रेमने प्रत्येक मृत्यूचं वेगळं सांत्वनपत्र सदाशिव पेठेत काकूला पाठवलं होतं. ती हादरली असेल म्हणून मी धावत गेलो, तर निवांत मटार सोलत बसली होती. "आपले पती श्रीधर हे प्रेमळ, शांत व मनमिळाऊ होते" एवढं वाचून तिने सगळा गठ्ठा कंपनीला परत धाडला. वर लिहिलं, "नाव बरोबर आहे. माणूस दुसरा."