‘काइंडली’ हा शब्द मला माहीत नाही

आई,

आज रविवार आहे आणि सकाळपासून मी तिसऱ्यांदा चहा केलाय. एकही कप पुरता प्यायलेला नाही. मध्येच उठून सायकल काढली, आम्स्टेल नदीच्या काठानं उघडमीट करणाऱ्या पुलापर्यंत गेले, पूल वर उचललेला होता, तो खाली यायची वाटही न बघता परत फिरले. नवरा म्हणाला, "तुला एका जागी बसवत का नाही?" त्याला काय सांगणार. उद्या दुपारी बाराला आमच्या खेळाचा सगळा मजकूर पक्का होणार आहे. त्यानंतर एक अक्षरसुद्धा बदलता येत नाही. आणि त्या मजकुरात माझ्या हातून एक वाक्य असं गेलंय की ते तुझी टिंगल करतं. त्यात तुझं नाव नाही, ते वाचून कुणाला तू आठवणारही नाहीस. मला मात्र गुरुवारपासून दुसरं काही आठवत नाहीये.

आधी मी काय काम करते ते सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा मी पुण्यात एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासत होते आणि तू शेजारणींना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगायचीस, जशी काही मी त्या डब्याच्या आत बसलेली असायचे. आता मी हॉलंडमध्ये असते, उइटहॉर्न नावाच्या लहानशा गावात, आणि ट्रामनं अ‍ॅमस्टरडॅमला कामाला जाते. तिथं आम्ही अकरा जण मिळून जुने कॉम्प्युटर गेम नव्यानं करतो. वर मोजक्या रंगांचं चौकडीचौकडीचं चित्र, खाली काळ्या पट्टीत लुकलुकणारी रेघ आणि त्या रेघेवर इंग्रजीत हुकूम टाइप करायचा, असे तेव्हाचे खेळ. दिवा उचल, उत्तरेला जा, विहिरीत बघ. आम्ही ती चित्रं नव्यानं रंगवतो, पिपाणीसारखं वाजणारं संगीत खऱ्या वाद्यांवर बसवतो, आणि चाळिशी-पन्नाशीचे लोक ते हौसेनं घेतात. या वर्षी हाती आलाय तो खेळ आपला आहे. दीपगृहाचा. हो, तोच.

तुझं टायपिंग इन्स्टिट्यूट मला आत्ता या स्वयंपाकघरात बसून जसंच्या तसं दिसतं. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ, सायकलच्या दुकानावर, लाकडी जिन्यानं वर. चौदा टाइपरायटर, भिंतीवर बोटांचा तक्ता, आणि कोपऱ्यात काचेच्या खोलीत मालकांनी नव्यानं आणलेला एकुलता एक कॉम्प्युटर. त्याला फुलाफुलांचं कापड घातलेलं असतं आणि त्या खोलीत चपला काढून जायचं असतं. बसवायला पुण्याहून आलेला माणूस जाताना एका फ्लॉपीवर हा खेळ ठेवून गेला. दुपारी दोन ते चार बॅच नसते, किल्ली तुझ्याकडे असते, आणि शाळा सुटली की मी जिना चढून येते. तू डबा उघडून माझ्यापुढे ठेवतेस, हात पुसतेस आणि म्हणतेस, "चल, त्या बेटावर जाऊन येऊ."

टाइप तू करायचीस. मी फक्त सुचवायचे. तुझी पाठ सरळ, मनगटं वर, नजर पडद्यावर, बोटांकडे एकदाही बघायचं नाही. पण तुझं इंग्रजी सगळं अर्जांचं. निम्म्या साताऱ्याचे बदलीचे, पेन्शनचे, नळजोडणीचे अर्ज तू टाइप केलेले. त्यामुळे दीपगृहाच्या फाटकापाशी तो म्हातारा पहारेकरी पहिल्यांदा दिसला आणि मी म्हटलं, "टाक, ओपन गेट," तेव्हा तू तोंड वाकडं केलंस. "वयानं मोठा माणूस आहे. त्याला नुसतं 'फाटक उघड' म्हणायचं? आपण काय पोलीस आहोत?" आणि तू कडकडकड टाइप केलंस, काइंडली ओपन द गेट अँड ओब्लाइज. शेवटी पूर्णविराम. पूर्णविरामापुढे दोन जागा सोडलेल्या. खेळानं उत्तर दिलं, "'काइंडली' हा शब्द मला माहीत नाही."

तू तेच वाक्य पुन्हा टाइप केलंस, तुझीच काही चूक झाली असेल असं समजून. पुन्हा तेच उत्तर. "कसलं इंग्रजी शिकवलंय याला?" तू म्हणालीस. मी हसून लोळत होते. मग तू मला जे समजावलंस ते माझ्या शाळेतल्या कुठल्याच बाईंनी समजावलं नव्हतं. "हे बघ, आपल्यात 'उघड' आहे आणि 'उघडा' आहे. इंग्रजीत दोन्हीला एकच, ओपन. मग समोरच्याला मान द्यायचा तर द्यायचा कसा? म्हणून काइंडली लावायचं. काइंडली म्हणजे आपला तो शेवटचा 'आ' आहे गं." तू तिसऱ्यांदा तेच टाइप करायला लागलीस, तेव्हा मी बॅकस्पेस दाबून तुझं सगळं पुसलं आणि दोन शब्दांत काम केलं. फाटक उघडलं. तू म्हणालीस, "उघडलं खरं, पण बघ की कसा तोंड पाडून उभा राहिलाय." त्या म्हाताऱ्याचं तोंड म्हणजे चार गुलाबी चौकोन होते.

असं वर्षभर चाललं असेल. रोज एकदा तरी तू त्याला काइंडली म्हणून बघायचीस, आज तरी कळतंय का म्हणून. मग तो शनिवार आला. मिनिटाला चाळीस शब्दांच्या टायपिंग परीक्षेला बसलेल्या सात-आठ मुली थांबल्या होत्या आणि मालकांचा इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या आला होता. तू कौतुकानं सगळ्यांना काचेच्या खोलीत घेऊन गेलीस, खेळ लावलास, फाटकापर्यंत आलीस, आणि सवयीनं तुझं वाक्य टाइप केलंस. उत्तर आलं. पुतण्या फिस्सकन हसला. मी तेरा वर्षांची होते, शाळेत इंग्रजीत पहिली येत होते आणि माझ्या कानशिलांना चटका बसला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, हे अर्जाचं इंग्रजी आहे. असं कुणी बोलत नाही. लोक हसतात तुला." मुली खाली बघायला लागल्या. तू उठलीस, खुर्ची माझ्याकडे सरकवलीस आणि म्हणालीस, "बस तू. तुला येतं." आवाज अजिबात चढला नव्हता. मग तू बाहेर जाऊन तिसऱ्या मशीनची रिबन बदलायला लागलीस. ती रिबन तू त्याच सकाळी बदलली होतीस. मी बघितलं होतं.

त्यानंतर तू त्या खुर्चीवर कधी बसली नाहीस. पुढे इन्स्टिट्यूटमधले टाइपरायटर एकेक करून गेले, कॉम्प्युटर आले, तू मुलींना बसवायचीस आणि स्वतः मागे उभी राहून शिकवायचीस. लोकांना वाटायचं, बाईंची शिस्त. मी तो खेळ एकटीनं पुरा केला आणि जेवताना तुला सांगितलं. तू म्हणालीस, "झाला का? छान. कोशिंबीर घे." मी कोशिंबीर घेतली. माफी मागायला पुढं दहा वर्षं होती माझ्याकडे आणि त्यातल्या एकाही दिवशी मी ती मागितली नाही. तू आजारी पडलीस तेव्हाही मी डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत राहिले आणि तू कडेला गप्प बसून ऐकत राहिलीस.

आता पुढचं ऐक, हे जास्त वाईट आहे. या स्टुडिओत नोकरीसाठी मुलाखत झाली तेव्हा मी सांगितलं की लहानपणी मी हाच खेळ खेळलेय. त्यांना भारी कौतुक वाटलं. भारतातलं छोटं गाव, एक मुलगी, एक कॉम्प्युटर, आणि त्या खेळातून ती एकटी इंग्रजी शिकली! एकटी हा शब्द त्यांचा नाही, माझा आहे. जाहिरातीच्या व्हिडिओतही मी तेच बोललेय, मागे ट्युलिपची फुलदाणी ठेवून. तुला मी त्या काचेच्या खोलीतून उचलून बाहेर ठेवलं, आणि गोष्ट तुझ्याशिवाय इतकी छान दिसायला लागली की परत आत आणायचं धाडस झालं नाही.

नव्या खेळात बहुतेक लोक नुसतं बोट लावून पुढे जातील, पण ज्यांना जुन्यासारखं टाइप करायचंय त्यांच्यासाठी तीही सोय ठेवलीय. खेळाला कुठकुठले शब्द कळायला हवेत ती यादी माझ्याकडे असते. शिव्यासुद्धा कळतात, त्यांना मजेशीर उत्तरं आहेत. मार्चमध्येच मी कुणाला न विचारता त्या यादीत काइंडली घालून ठेवलं होतं. उत्तराची जागा रिकामी. गुरुवारी बैठकीत यादी वाचली गेली तेव्हा आमचा कोडी रचणारा मुलगा, जो दर सोमवारी घरी केलेला केक घेऊन येतो आणि ज्याच्या मनात खरोखर काही वाईट नसतं, तो एकदम ओरडला, "काइंडली! ते फसवणुकीचे ईमेल! काइंडली क्लिक द लिंक!" आई, तुला हे माहीत नसणार. इकडे आता त्या शब्दावरून लोक भामटे ओळखतात. तू मानासाठी लावायचीस तो शब्द दिसला की लोक सावध होतात. सगळे हसले. त्यानं आपल्याकडच्यासारखा उच्चार करायला सुरुवात केली, माझ्याकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो गडबडून थांबला. आणि त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तो उच्चार मी करून दाखवला. डोकं हलवून. मीच. टेबलावर हात आपटून हसले सगळे, आणि त्या हशात मी पहारेकऱ्याचं उत्तरही सुचवलं: "छान प्रयत्न होता. पण माझा पासवर्ड मी तुला देणार नाही." सगळ्या यादीतलं सगळ्यात भारी उत्तर ठरलं ते. मी तिथंच टाइप करून टाकलं.

त्या दिवशी जेवताना हे मी घरी विनोद म्हणून सांगितलं. नवरा हसला. तुझी नात बारा वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर ती इंग्रजीत नाहीतर डचमध्ये देते. ती हसली नाही. "बट आजी रोट लाइक दॅट, नो? यू टोल्ड मी."

"हो."

"सो आजी इज द स्कॅमर?"

"अगं, गंमत आहे ती," नवरा म्हणाला.

"नीत ख्रापख," ती म्हणाली. म्हणजे यात हसण्यासारखं काही नाही. मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "व्हाय डिडन्ट यू जस्ट से इट वॉज आजी?" मी भात वाढायला उठले. भात कुणालाच नको होता.

शुक्रवारी मी ते वाक्य बदलायला तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं. बदल केला की कारण लिहावं लागतं आणि ते सगळ्यांना दिसतं. कारणं मला चिक्कार सुचत होती. आशियातल्या ग्राहकांना खटकेल, असं लिहिता आलं असतं. विनोद दोन वर्षांत शिळा होईल, असंही. या सगळ्या कारणांनी काम झालं असतं आणि तू पुन्हा बाहेरच राहिली असतीस. शनिवारी मी अ‍ॅमस्टेलव्हीनला भारतीय दुकानात किराणा आणायला गेले आणि कोथिंबिरीची जुडी हातात धरून इतका वेळ उभी राहिले की दुकानदारानं हिंदीत विचारलं, "ताजी है मॅडम, क्या हुआ?"

इथपर्यंत लिहिलं, आणि मग उठून मी ते केलं, आई. दुपारचे साडेतीन वाजलेत. पहारेकऱ्याचं ते उत्तर काढून टाकलं. आता कुणी काइंडली म्हटलं तर तो काही बोलत नाही, मान लववतो आणि फाटक उघडतो, बस्स. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं की माझी आई टायपिंग शिकवायची, ती असं लिहायची, हा खेळ ती माझ्याबरोबर खेळली, टाइप तीच करायची, आणि व्हिडिओत मी एकटी म्हणाले ते खोटं आहे. बटण दाबलं तेव्हा तेरा वर्षांची असताना पेटली होती तशी कानशिलं पेटली.

नऊ-दहा मिनिटांत त्या केकवाल्या मुलाचं उत्तर आलं. "अरे, मला माहीत नव्हतं, सॉरी. प्रिमा. सकाळी पहिलं तेच करतो." प्रिमा म्हणजे ठीक आहे, चालेल. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होते ते पचवायला या लोकांना एवढाच वेळ लागला. खाली त्यानं आणखी एक ओळ लिहिलीय, "तुझी आई त्या पहारेकऱ्याला आणखी काय काय म्हणायची?" त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. ते लिहायला बसले की तू पाठ सरळ करून शेजारी बसतेस आणि माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही.

हे पत्र कुठं टाकणार, पोस्ट तर तुझ्यापर्यंत येत नाही. पण एक गोष्ट राहिली, आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. त्या कारणाच्या शेवटी मला लिहायचं होतं की उद्या बाराच्या आत हे घ्यावं. बोटांनी आपसूक टाइप केलं, काइंडली. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. मग तो शब्द पुसला आणि तिथं प्लीज लिहिलं.