दोनदा जोरात, मग एकदा

१२ एप्रिल

आलो बाई एकदाचे! ट्रकवाल्याने कपाट दारातच आडवं टाकलं नि पळाला, पण आज मला कुणाचाच राग येत नाहीये. दादाने, माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने, स्वतःचं घर बहिणीच्या नावावर करून दिलं. ज्याला सांगावं तो म्हणतो, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. आई इथे दादाजवळच राहायची आणि चार वर्षांपूर्वी इथेच गेली. दम्याने, असं दादा म्हणाला. मी लांब राहणारी, मला तिचे शेवटचे दोनच दिवस मिळाले. दादाही त्यानंतर लगेच दुसरीकडे राहायला गेला.

तीन खोल्या, मागे फरशी घातलेलं अंगण, आणि बाहेरून चारी भिंतींना राखाडी पत्रे, रंगाचे पोपडे निघालेले. कामाची वाटणी झाली. भिंती माझ्या, कपडे आणि स्वयंपाक मास्तरकडे. मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत शिकवतो आणि सुट्टी लागली तरी शिकवायचं थांबत नाही. मला हातोडी कशी धरायची तेही सांगून झालंय. हातोडी माझी, बरं का!

१४ एप्रिल

रंग धरायचा तर आधी भिंत घासायला हवी. दादाला फोन करून विचारलं, हे पत्रे कसले आहेत. तो म्हणाला, "सिमेंटचे आहेत गं. खुशाल घास."

मास्तरला दोनदा शिंक आली तर डॉक्टरकडे जायचं असतं. ही धूळ वाईट नाही ना, असं त्याने मला तीनदा विचारलं. मी म्हटलं, दादाने आयुष्यभर हेच पत्रे कापायची आणि बसवायची कामं केलीत, त्याला कळत नाही का? तेव्हा कुठे गप्प बसला.

१८ एप्रिल

पश्चिमेची भिंत घासून झाली. कोपऱ्यातले दोन पत्रे तडकले होते, ते कटरने कापून काढले. धूळ पिठाहून बारीक. पापण्यांवर, कानांत, चहाच्या कपातसुद्धा. आरशात बघितलं तर एका दिवसात म्हातारी झालेली मी.

संध्याकाळी पाचला मास्तर माझे कामाचे कपडे मागच्या पायरीवर नेऊन झटकतो. फटफटफटफट, सलग, शाळा सुटल्याची घंटा दिल्यागत. मी पोट धरून हसते. आई असती तर तिने शिकवलं असतं. दोनदा जोरात, मग थांबून एकदा. लहानपणी तो आवाज आला की कळायचं, दादा कामावरून आलाय आणि आई मागच्या दारी त्याचे कपडे झटकतेय.

२१ एप्रिल

मास्तर चारला सामान आणायला गेला. पाचला मी शिडीवर होते आणि मागून आवाज आला. फट, फट. मग थांबून, फट. मी वरूनच ओरडले, जमलं हो मास्तर! उत्तर नाही.

तो सहाला पिशव्या घेऊन पुढच्या दाराने आला. माझे कालचे कपडे बादलीत जसेच्या तसे. मी सांगितलं तर म्हणतो, कानात धूळ गेली असेल, साफ कर.

२३ एप्रिल

पुन्हा. बरोबर पाचला. या वेळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत टपून उभी होते. पायरीवर कुणी नव्हतं. आवाज मात्र तिथूनच, आणि उन्हात धुळीचा पट्टा वर चढताना दिसला. वारा अजिबात नव्हता.

मास्तर शेजारच्या खोलीत होता. त्याला काहीच ऐकू आलं नाही.

२५ एप्रिल

मास्तर काल चार दिवसांसाठी त्याच्या बहिणीकडे गेला. बरंच झालं.

आज एक सरकारी तपासनीस आला. शेजाऱ्यांनी धूळ बघून त्याच्या कार्यालयाला कळवलं होतं. माझ्या हातातलं मशीन बघून तो फाटकातच थांबला. ते बंद करायला लावलं, आधी स्वतः मास्क चढवला. म्हणाला, या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आहे. रंग देऊन नुसते राहू दिले असते तर पत्रे तसे निरुपद्रवी. घासायचे नाहीत, कापायचे नाहीत, भोक पाडायचं नाही. कोरडा झाडू मारायचा नाही. आणि कपडे कधीही झटकायचे नाहीत. या धुळीचे तंतू फुप्फुसात रुततात आणि वीस, तीस वर्षांनी उठतात.

मी विचारलं, सगळ्यांनाच होतं का? तो म्हणाला, सगळ्यांना नाही. कुणाला होईल ते सांगता येत नाही.

मग घराकडे नीट बघून म्हणाला, "मी इथे येऊन गेलोय. आजारी बाई होत्या. मुलाचे कपडे झटकून झालेलं दुखणं. मुलाला लेखी दिलं होतं मी. त्याची सही आहे."

दादाची सही. आई तेव्हा जिवंत होती.

२६ एप्रिल

दादाला फोन केला. मी रडले, ओरडले, नको ते बोलले.

"सिमेंटचेच पत्रे म्हणतात त्याला. सगळे म्हणतात. मी खोटं कुठे बोललो?"

आईचं विचारलं. म्हणाला, "आता घर तुझ्या नावावर आहे," आणि फोन ठेवला.

असे हात झटकले त्याने. मी त्याला राखी — जाऊ दे. माझ्या आईला मारून मला घर दिलं. लोक म्हणतात, नशीब लागतं.

२७ एप्रिल

तपासनीसाने सांगितलं तसं केलं. मास्क. कपड्यांवर पाणी मारून ते ओलेच जाड पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, तोंडं बांधून अंगणाच्या कोपऱ्यात. फरशी ओल्या फडक्याने पुसली, फडकीही पिशवीत. प्रशिक्षित माणसं सोमवारी येऊन सगळं नेतील.

पाच वाजून गेले. आवाज नाही. परवापासून नाहीच. आई, तू हेच सांगत होतीस ना? किती उशिरा कळलं गं मला.

२८ एप्रिल

मास्तर आला. सांगायचं ठरवलं होतं. तो मजेत होता, भाच्यांच्या गमती सांगत होता. एकदा खोकला — साधाच, प्रवासाचा — आणि मी उठून त्याच्यासाठी पाणी आणलं. तीनदा विचारलं होतं त्याने मला. तीनदा.

रंग मिळाला नाही म्हणून काम थांबलंय, असं सांगितलं. खोटं कुठे बोलले? खरंच मिळाला नाहीये.

हे दादाचं वाक्य आहे.

उद्या सांगते.

२९ एप्रिल

सकाळी नाही जमलं. दुपारी तो म्हणाला, चांगले कपडे ओलेच पिशवीत कोंबलेस, कुबट वास येईल, आज उन्हात वाळवून ठेवतो. मी म्हटलं, राहू दे. का, ते नाही सांगितलं.

चहा झाला की सांगणार. नक्की.

पाच वाजले —

मागून आवाज. आई? आई, आता कशाला, मला कळलंय सगळं —

नाही. दोनदा आणि मग एकदा नाही हे. हा सलग — फटफटफट — पिशव्या सोडल्यात — मास्तर, अरे नको, थांब, ते —