दुधाइतकं कोमट

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पाच बाटल्या! हाल्वारनं खोक्यात घालून पाठवल्या, वर चिठ्ठी — 'दर आठवड्याला एक, नाताळपर्यंत. लोकांना तुझं तिखट आवडतं.' आवडणारच. दुसऱ्याची सालं काढलेली कोणाला आवडत नाहीत? हाल्वार आमच्या साप्ताहिकाचा संपादक. स्वतः फक्त कॉफी पितो, पण बिअरवर सदर पाहिजे! आणि ते लिहायला साऱ्या खोऱ्यात मी एकटा म्हातारा सापडला.

बाटल्या आस्लाउगच्या ब्रुअरीच्या. खाली फेरीच्या धक्क्याजवळ बंद पडलेली डेअरी होती, तिथं या पोरीनं चार वर्षांपूर्वी स्टीलच्या टाक्या आणून बसवल्या. माझा बाप जिथं दुधाचे कॅन उतरवायचा, तिथं आता शहरातले दाढीवाले उभे राहून ग्लासात नाकं खुपसतात.

आज पहिली उघडली. नाव 'फ्योर्डवरची पहाट'. लेबलवर हा एवढा सूर्य! नोव्हेंबरात आमच्याकडे सूर्य डोंगराआडून डोकंसुद्धा वर काढत नाही, तिनं निदान कागदावर तरी उगवून दाखवला. चव पपनसाच्या सालीची. घोट गिळल्यावर जिभेवर साबण. सदराखाली सहापैकी गुण म्हणून फाशाचं चित्र छापतात ते दोनचं छापा म्हणून कळवलं. सहाचा फासा मी आयुष्यात एकदाच दिलाय, तोही मेलेल्या माणसाच्या बिअरला.

गुनवोर विणता विणता म्हणाली, "दोन? बाटली तर रिकामी केलीस!"

तपासायला लागते. बायकोला हे चाळीस वर्षांत कळलेलं नाही.

२१ नोव्हेंबर

पेपर आला. साबणाचं वाक्य हाल्वारनं कापलं. भित्रा!

२६ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरी बाटली. दलदलीतल्या पिवळ्या बेरी घातलेली आंबट बिअर. मुद्दाम आंबट केलेली! आमच्याकडे बिअर आंबली की डुकरांना घालायचो आणि आठवडाभर कोणाला तोंड दाखवायचो नाही. हिनं ती बाटलीत भरून नव्वद क्रोनरला लावली. फासा — एक.

सगळ्यात राग येतो तो यीस्टचा. पाकिटातलं असणार. हॉलंडमधल्या कुठल्याशा कारखान्यातून आलेलं, पिठासारखं, कोणाचंच नसलेलं. बिअरला घरचं विरजण लागतं. आमचं पणजोबांच्याही आधीपासून चालत आलंय. दर खेपेला पिंपाच्या तळाशी बसलेलं काढायचं, बरणीत भरायचं, तळघरात ठेवायचं. पूर्वी खोऱ्यात प्रत्येक शेतावर होतं. एका घरचं बिघडलं की दुसऱ्या घरून आणायचं, नाही म्हणायची पद्धतच नव्हती. आता एकेकानं सोडून दिलं. पलीकडच्या काठावरच्या सिवर्टनं दहा वर्षांपूर्वी सोडलं, गुडघे दुखतात म्हणे! बिअर काय गुडघ्यांनी घालायची असते? आता फक्त माझ्याकडे उरलंय.

दुकानात आस्लाउग भेटली. चीज घेत होती. म्हटलं आता भांडेल. तर हसली!

"तोर्गेरकाका, एक दिलात?"

"शून्य असतं तर शून्य दिलं असतं. फाशाला शून्याची बाजू नाही."

"पुढची बघा. पुढची तुम्हाला आवडेल कदाचित."

या नव्या लोकांना धड रागावतासुद्धा येत नाही.

३० नोव्हेंबर

गुनवोर बर्गनला गेली. बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन. अठराला येईन म्हणाली. बसमध्ये चढताना म्हणाली, "मी येईपर्यंत थांब, मग बिअर घाल." पायरीवरून वळून पुन्हा तेच! मी काय पहिल्यांदा घालतोय?

३ डिसेंबर, मंगळवार

तिसरी बाटली धुराची. आगीत सापडलेलं घर विझवल्यावर जे पाणी उरतं, ते. फासा — दोन, कारण रंग बरा होता.

संध्याकाळी सिवर्ट आला. वाळवलेलं मटण आणि भाकरी खाल्ली, माझीच, आणि मग मला शिकवायला लागला.

"जावयानं थर्मामीटर घेतलाय. चिमटीत मावतो. विरजण घालायच्या आधी बुडवायचा की आकडा दिसतो."

"तुझा जावई कार्यालयात बसतो. त्याला आकडेच दिसणार."

"आणि तुला रे?"

"मला हात आहे."

बापानं शिकवलंय. उकळून काढलेलं माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, गोड पाणी दुधाइतकं कोमट झालं पाहिजे. गाईच्या आचळातून आत्ता निघालेल्या दुधाइतकं. ते हाताला कळतं. आकड्याला काय कळणार, दूध काय असतं ते!

एकवीस तारखेला टोमासचा दिवस. तोवर ज्याची त्याची नाताळची बिअर तयार पाहिजे. त्या दिवशी लोक घरोघर चाखत फिरतात, पण हल्ली फिरायला घर एकच उरलंय, माझं. सगळे येणार. गुनवोरसाठी थांबलो तर अठरा उजाडेल, म्हणजे हाताशी तीन दिवस. छे! परवाच घालतो.

५ डिसेंबर, गुरुवार

पहाटेपासून उभा. अंगणातल्या जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या तोडल्या, उकळल्या, त्या पाण्यात माल्ट भिजवलं, निथळलं, मग चार तास हंडा चुलीवर. धुरानं डोळे गेले, पण वास! आस्लाउगनं हा वास बाटलीत भरून दाखवावा.

दुपारी पिंपात काढलं. हात घातला. थांबलो. पुन्हा घातला. दुधाइतकं कोमट, बरोब्बर. तळघरातून बरणी आणली, येताना तोंडातून शब्द काढायचा नसतो, तो काढला नाही. (काढणार कोणाशी? मेंढ्यांशी?) अर्धं विरजण ओतलं आणि जीव खाऊन ओरडलो. जितकी मोठी आरोळी तितकी जोरकस बिअर. पलीकडच्या काठावर सिवर्टचा कुत्रा भुंकायला लागला, म्हणजे पोचली.

घरात एकट्यानं ओरडायला जरा विचित्र वाटलं. हात लाल झालाय, आगीजवळ होतो म्हणून.

६ डिसेंबर

फेस नाही. एरवी चार तासांत पिंप गुरगुरायला लागतं. थंडीमुळे असेल. वर घोंगडी टाकली.

७ डिसेंबर

काही नाही. झाकणाला कान लावून बसलो, मढं झालंय नुसतं. ओढ्यात ओतून दिलं. दुकानातलं माल्ट! कुठल्या कोठारात बुरसत पडलेलं असणार. आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर गोड हसायचं. दुसरं पोतं सिवर्टच्या जावयाकडून मागवलं. कशाला हवंय ते सांगितलं नाही.

गुनवोरचा फोन. "घातलीस का रे?" म्हटलं, नाही. हे खोटं का बोललो ते माझं मलाच कळलं नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

चौथी बाटली. जुनिपरची. आमची नक्कल! चव जवळ जवळ... नाही. मुळीच नाही. फासा एक, आणि तोही दयेपोटी. लिहिलं की ज्यांना घरचं काही नसतं ते दुसऱ्याच्या अंगणातलं झुडूप ओरबाडतात. हाल्वारनं फोन केला, "फार होतंय." म्हटलं, छाप.

१२ डिसेंबर

दुसऱ्यांदा घातली. जुनिपर तेच, हंडा तोच, माल्ट नवं. हात घातला. दुधाइतकं कोमट. या वेळी उरलेलं सगळं विरजण ओतलं. थोडं मागे ठेवायचं असतं, बापानं शंभरदा बजावलेलं. पण अर्ध्यानं झालं नव्हतं ना! म्हटलं जास्त घातलं तर धरेल. ओरडलो, आवाज फाटला.

१३ डिसेंबर

मेलं.

तळहाताला फोड आलाय. कधी भाजलं ते आठवत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

काल काही लिहिलं नाही. तळघरात जाऊन बरणी बघितली. धुतल्यासारखी रिकामी. पणजोबांपासूनचं, आणि मी एका आठवड्यात संपवलं. गोठ्यात जाऊन बसलो. मेंढ्या रवंथ करत होत्या. मी रडलो, इथं लिहायला हरकत नाही.

सिवर्टला सांगावं लागलं. हसेल वाटलं होतं. हसला नाही, ते जास्त लागलं.

"आस्लाउगकडे जा. तिच्याकडे जुनं काहीतरी आहे म्हणतात, खोऱ्यातलंच."

"तिच्याकडे पाकिटं आहेत!"

"माझा जावई सांगत होता. थंड खोलीत बरणी आहे, कोणाला हात लावू देत नाही. जा बाबा. सहा दिवस राहिलेत."

"तिच्या चार बिअरींना मी एक आणि दोन दिलेत."

"मग वाकून जा."

१६ डिसेंबर

गेलो. बोटाएवढ्या बाटल्यांमधून काहीबाही चाखणारी पोरं बसली होती, त्यांच्यासमोरूनच आत. आस्लाउग टाकी धूत होती. रबरी बूट, कपाळावर घाम. टाकी धुणं हे काम असतं एवढं मी कबूल करतो.

टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी म्हटलं, "माझं गेलं."

तिनं हात पुसले, आत गेली, बरणी घेऊन आली. ना टोमणा, ना मागच्या आठवड्याच्या झुडपाचा उल्लेख. मीच भांडण उकरून काढलं, "हे कुणाचं?"

"वरच्या एका शेतावरचं. नाव सांगू नको म्हणून सांगितलंय. काका, दुसऱ्याच्या घरचं बिघडलं तर द्यायचंच असतं ना? तुम्हीच सदरात लिहिलंत."

बसमध्ये झाकण उघडून वास घेतला. संत्र्याची साल, ओलं लाकूड. आमच्यासारखाच. असेना! सगळ्या विरजणांना थोडा तसा वास येतोच.

तिनं दिलं म्हणून पाचव्या बाटलीचा फासा वाढणार नाही. हे आधीच लिहून ठेवतो.

१८ डिसेंबर, बुधवार

गुनवोर सकाळच्या बसनं आली. मी आधीच चूल पेटवली होती. सगळं सांगितलं. दोन्ही खेपा, माल्ट, आस्लाउग. मला वाटलं ओरडेल. कोट काढला, बाह्या सरसावल्या, म्हणाली, "लाकडं कमी आणलीस."

संध्याकाळी चारला पिंपात हात घातला. दुधाइतकं कोमट.

"झालं का? मग बरणी आण," ती म्हणाली.

तळघराची कडी गोठली होती, उघडायला वेळ लागला. आलो तर ही बादली घेऊन उभी. जमीन धुतेय म्हणे! आत्ता? बोलायचं नसतं म्हणून बोललो नाही. ओतलं. दोघं मिळून ओरडलो, ती माझ्याहून मोठ्यानं.

दीड तासात फेस! पिंप मांजरासारखं गुरगुरतंय. म्हणजे हात बरोबर होता, माझा हात कधीच चुकत नाही. माल्टच सडकं होतं, दोन्ही वेळा. दुकानदाराला जाऊन सांगणार आहे, सिवर्टच्या जावयालाही!

२१ डिसेंबर, शनिवार. टोमास.

तेवीस माणसं आली. खुर्च्या कमी पडल्या, लोक जिन्यावर बसले. वाडगा हातोहात फिरला. सिवर्टनं घोट घेतला, डोळे मिटले, म्हणाला, "लेका, तुझ्या बापाचीच चव!" सगळे हो हो म्हणाले. हाल्वारसुद्धा प्यायला. दोन वाडगे! म्हणे कॉफीवाला.

आस्लाउग दाराशी उभी होती. हिनं तोंड उघडलं असतं तर? तेवीस माणसांसमोर? वाडगा तिच्याकडे गेला. प्याली. "छान झालीय, काका," एवढंच. मी मान हलवली. सांगायला हवं होतं मी. नाही सांगितलं.

२२ डिसेंबर, रविवार

पाचवी बाटली उघडली, लेबलवर लिहिलंय की आस्लाउगनं त्याच बरणीतलं विरजण घातलंय. तिच्यावरचं लिहिलं आणि गुनवोरला वाचून दाखवलं: '...हे म्हणे वरच्या शेतावरचं विरजण. देणाऱ्यालाही नाव सांगायची लाज वाटली असावी.'

तिनं विणकाम खाली ठेवलं.

"मी दिलं. आपलंच आहे ते. तीन वर्षांपूर्वी, तू चुलीतला निखारा हातानं उचललास आणि तुला कळलंच नाही, त्या आठवड्यात. म्हटलं कुठंतरी जपून राहू दे."

"आणि तीन वर्षं जी बिअर झाली ती?"

"तू बरणी आणायला गेलास की मी थर्मामीटर घालायची. आकडा नेहमीच जास्त, विरजण भाजून मेलं असतं. मग गार पाणी ओतायची."

तळहातावरचा फोड बघितला. मग विचारलं, मला का नाही सांगितलंस?

म्हणाली, "हात घालून 'दुधाइतकं कोमट' म्हणतोस ना, तेव्हा वर्षातनं एकदा तुझा चेहरा हसरा दिसतो."

लेख चुलीत घातला.