दोष, आणि काय केले

४ जाने. २०१०, सोम.
लॅबमध्ये पेशींनी दगा दिला. इन्सुलिन घातलं, पेशींनी दाद दिली की फिल्मवर काळी रेघ उमटायला हवी, तर सगळं कोरं. माझे गाईड सर म्हणाले, "छान. कोरा कागदच छापायला पाठवू."

६ जाने.
चूक सापडली. माझीच. उंदराच्या मेंदूतल्या या पेशी ज्या द्रवात वाढतात त्यातच इन्सुलिन असतं. प्रयोगाआधी ते काढून त्यांना उपाशी ठेवायचं, ते विसरले. चार दिवस इन्सुलिनमध्ये डुंबल्यावर नव्याला कशाला दाद देतील? सर मात्र खूश. "स्मृतिभ्रंशात मेंदूत असंच होत असेल का, हेच तर बघायचंय. आता मुद्दाम करा." गाढवपणाला पहिल्यांदाच शाबासकी.

९ जाने., शनि.
बाबांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे स्टेशन चालू आहे, सेट पकडत नाही."
बुधवार पेठेतलं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवलं. रविवारी मी स्टुलावर, शिशाची तार धरून. बाबा डाग द्यायचे, राळेचा वास सुटायचा. प्रत्येक सेटच्या आत चिठ्ठी चिकटवायचे: तारीख, दोष, काय केले. "पुढच्या वेळी मलाच लागते गं." आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मी त्या गल्लीतून जायचं टाळते.

१३ जाने.
आई गेल्यापासून बाबा इन्सुलिनची सुई स्वतःच टोचून घेतात, कॅलेंडरवर टिक करतात. आज सकाळच्या दोन टिका. विचारलं तर, "तूच केली असशील." घाम फुटलेला, हात थरथरत होते. साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासाने सावरले. मी नाही सावरले.
डिशमधल्या पेशींवरून माणसाबद्दल बोलू नये, सर नेहमी बजावतात. कळतं मला. पण

१४ जाने., संक्रांत
सुया माझ्या ताब्यात. तिळगूळ पुढे केला तर बाबा म्हणाले, "काल साखर पाजलीस, आज लाडू. मारायचा विचार आहे का?" खूप हसलो. मग हळूच म्हणाले, "तार नीट धरायचीस तू."

१७ जाने., रवि.
फ्रिजमधला इन्सुलिनचा दुसरा खोका उघडला. झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवलेली. पेन्सिल, तेच अक्षर.

तारीख: १४
दोष: विसरतो. सुई मंजू देते. मंजू म्हणजे मुलगी.
काय केले:

पुढे काही नाही. बाहेरून बाबांची हाक, "अगं, चहा टाकतेस ना?"
टाकला. पेन्सिल शोधून आणली. अजून काही लिहिलेलं नाही.